हजारात दोघी, हजारात एक

१९८७ साली बार्शीत एका नोंदणीचं काम सुरू झालं. विषय कर्करोगाचा आणि प्रदेश बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांचा. पहिला तालुका सोलापूर जिल्ह्यातला, उरलेले दोन तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमातली ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. तिचं ठाणं बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत.

मुंबईत अशी नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू होती. तिथली रीत ठरलेली. रुग्णालयांचे केसपेपर, प्रयोगशाळांचे अहवाल, महापालिकेकडचे मृत्यूचे दाखले गोळा करायचे, जुळवायचे आणि आकडा काढायचा. या ३४६ गावांत जुळवायला कागदच नव्हता. दुखणं अंगावर काढायची सवय, तालुक्याच्या गावी जायचं तर दिवसाची मजुरी बुडणार, आणि बाईचं दुखणं असेल तर ते घरातही बोललं जाणार नाही. ज्या रोगाचं निदानच झालेलं नाही, त्याची नोंद कुठून करणार?

म्हणून बार्शीच्या नोंदणीनं उलटी वाट धरली. नोंदणीची माणसं गावोगाव जाऊ लागली. सरपंच, शिक्षक, गावपातळीवरचे आरोग्य कर्मचारी यांना भेटायचं, लोकांना एकत्र बसवायचं, कर्करोगाची सुरुवातीची लक्षणं कोणती ते समजावून सांगायचं आणि ज्याला तशी शंका असेल त्याला तपासणीसाठी रुग्णालयात आणायचं. ही माणसं डॉक्टर नव्हती. या कामासाठी त्यांना तयार केलेलं होतं. आधी सांगायचं आणि मगच मोजायचं, असा तो क्रम होता. सांगणं जमलं नसतं तर मोजणंही झालं नसतं.

आणि सांगायचं होतं ते तोंडातून निघायला अवघड होतं. या भागातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग गर्भाशयाच्या मुखाचा. त्याची लक्षणं म्हणजे अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसणं, संबंधानंतर रक्त जाणं. गावातली बाई 'गर्भाशयमुख' म्हणत नाही, 'पिशवीचं तोंड' म्हणते. ते तिच्याशी तिच्याच शब्दांत बोलायचं, सासूसमोर बोलायचं की नाही हे ओळखायचं, पुरुषांच्या बैठकीत हा विषय कसा काढायचा ते ठरवायचं, आणि एवढं करून घाबरवून सोडायचं नाही. हे जमायला वैद्यकशास्त्र ठाऊक असावं लागतं, त्याहून अधिक माणूस ठाऊक असावा लागतो.

या खटाटोपाचं फळ काय मिळालं, ते १९९५ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर' या नियतकालिकात छापून आलं. जागृतीचं काम सुरू झाल्यावरच्या वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात पोचू लागल्या होत्या. त्या वेळी सरसकट तपासणीची मोहीम सुरू झालेली नव्हती. गावोगाव जाऊन बोलणारी माणसं तेवढी होती, आणि एवढ्यानं रोग पकडला जाण्याची वेळ अलीकडे आली. लवकर पकडलेला हा कर्करोग बरा होण्याची शक्यता किती वाढते, हे कुठल्याही डॉक्टरला विचारावं.

विज्ञान-तंत्रज्ञानात करिअर करू पाहणाऱ्या मुलामुलींनी संवादाचं शास्त्र शिकावं की नाही, या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला बार्शीच्या बाहेर जावंसं वाटत नाही ते यासाठी. सर्वसाधारण समज असा, की शास्त्रज्ञानं शोध लावायचा, अभियंत्यानं यंत्र बनवायचं, आणि ते लोकांना सांगायचं काम उरलंसुरलं म्हणून दुसऱ्या कुणी तरी करायचं. बार्शीचा अनुभव सांगतो की सांगणं हे त्या विज्ञानाचंच अंग आहे, आणि ते कच्चं राहिलं तर विज्ञानही कच्चं राहतं.

लाखभर बायकांना बोलावणं

नोंदणीनं जो पाया घातला, त्यावर पुढचं काम उभं राहिलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरिअल सेंटर, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अशा तिघांचं हे काम. खेड्यांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या. गटांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसेटिक ॲसिड सौम्य करून गर्भाशयमुखाला लावून डोळ्यांनी पाहायची पद्धत. चौथ्या भागात तपासणीची मोहीम नव्हती. तिथल्या बायकांना रोगाची माहिती दिली आणि तपासणी कुठे करून घेता येते ते सांगितलं.

कागदावर ही रचना सोपी दिसते. आता ती प्रत्यक्षात कशी उतरवायची ते बघा. तीन भागांतल्या लाखाच्या आसपास बायकांना सांगायचं होतं की, बाई, तुला काही होत नाहीये हे ठाऊक आहे, तरी ये आणि तपासून घे. दुखतंय म्हणून दवाखान्यात जाणं गावाला कळतं. काही होत नसताना जाणं, तेही अशा तपासणीसाठी, हे कळायला फार अवघड. कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, गावात बैठका घेतल्या, समोरासमोर बोलल्या. बोलावलेल्यांपैकी ७९ टक्क्यांच्या आसपास बायका आल्या. शहरातल्या शिकल्यासवरल्या वस्त्यांनाही हेवा वाटावा असा हा आकडा आहे.

कोण आलं आणि कोण आलं नाही, याचा स्वतंत्र अभ्यास करून तो २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बुलेटिन'मध्ये छापला. आलेल्यांत तरुण, जास्त शिकलेल्या, विवाहित बायकांचं प्रमाण अधिक होतं. वयानं मोठ्या आणि कमी शिकलेल्या मागे राहिल्या. आपला निरोप कुणापर्यंत पोचला नाही हे मोजून पाहणं हाही संवादशास्त्राचाच धडा आहे. सभेला गर्दी झाली, टाळ्या पडल्या, कार्यक्रम यशस्वी झाला, एवढ्यावर थांबणारा माणूस प्रचारक असतो. जो आला नाही त्याच्या दारापर्यंत पुन्हा जातो आणि तो का आला नाही हे लिहून काढतो, त्यानं विषय अभ्यासला आहे असं म्हणावं.

२ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या चाचणीचा निष्कर्ष आला. एचपीव्हीची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तरी त्या गटात या कर्करोगानं होणारे मृत्यू लक्षणीय कमी झाले. वैद्यकाच्या जगात हा मोठा निष्कर्ष ठरला. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कर्करोगाच्या तपासणीसाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती द्यावी अशी शिफारस केली. जगभरच्या ज्या पुराव्यांवर ती उभी आहे, त्यांत धाराशिवच्या खेड्यांतल्या बायकांचा वाटा मोठा आहे.

एक आकडा, तीन माणसं

आता या निष्कर्षातला एकच आकडा हातात घेऊ. शोधनिबंधात लिहिलंय की मृत्यूचं 'हॅझर्ड रेशो' ०.५२ आहे. विज्ञान शाखेचा विद्यार्थी हे वाचतो, उत्तरपत्रिकेत लिहितो, गुणही मिळवतो. पण त्याला समोर बसलेल्या तीन निरनिराळ्या माणसांना हे सांगायला लावा.

पहिला माणूस डॉक्टर. त्याला ०.५२ चालेल, पण तो लगेच विचारेल की या आकड्याची खात्री किती. तेव्हा आकडा एकटा देऊन भागत नाही, त्याची खालची-वरची मर्यादाही द्यावी लागते. इथे ती ०.३३ ते ०.८३ आहे. म्हणजे खरा परिणाम याहून मोठा असू शकेल किंवा लहान असू शकेल, पण परिणाम आहे यात शंका नाही.

दुसरा माणूस जिल्हा परिषदेतला आरोग्य अधिकारी. त्याच्यापुढे दहा योजना आणि एक अंदाजपत्रक. त्याला 'मृत्यू निम्मे झाले' असं सांगितलं तर ते खरंच आहे, पण अपुरं आहे. निम्मे म्हणजे किती, हे त्याला हवं. मोहीम नसलेल्या भागात ३१,४८८ बायकांमध्ये ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही तपासणीच्या भागात ३४,१२६ बायकांमध्ये ३४. हिशेब केला तर आठ वर्षांच्या काळात हजार बायकांमागे दोघी गेल्या, आणि तपासणीच्या गटात हजारामागे एक. 'निम्मे' हा शब्द आणि 'हजारात दोघींऐवजी एक' हे वाक्य, दोन्ही एकाच सत्यातून निघतात. पहिलं ऐकून माणूस उत्साहानं उठतो, दुसरं ऐकून हिशेबाला बसतो. अधिकाऱ्याला दोन्ही सांगायला हवीत. फक्त पहिलं सांगणारा त्याला भुलवतो. फक्त दुसरं सांगणारा मोठं काम बारीक करून दाखवतो, कारण ३४ हजार बायकांत पस्तीसेक जीव वाचणं ही लहान गोष्ट नाही.

तिसरी व्यक्ती म्हणजे ती बाई स्वतः. तिचे प्रश्न वेगळेच असतात. दुखेल का? तपासायला बाईच असेल ना? किती वेळ जाईल? काही निघालं तर पुढं काय, आणि खर्च कुणाचा? घरच्यांना कळवणार का? या प्रश्नांची उत्तरं आधी देता आली, तरच हजारात दोघी की एक हे ऐकायला तिचं मन मोकळं होतं. आणि सगळं सांगून झाल्यावर 'कळलं ना?' असं विचारून उपयोग नसतो, कारण त्याला उत्तर 'हो' असंच येतं. 'घरी गेल्यावर जावेला काय सांगशील, ते मला सांग बरं' असं विचारायचं. तिच्या तोंडून परत येतं तेवढंच पोचलं असं धरायचं. जगभरच्या परिचारिकांना आणि आरोग्य कार्यकर्त्यांना आज ही पद्धत नीट शिकवली जाते.

एक आकडा, तीन माणसं, तीन मांडण्या, आणि एकाही मांडणीत खोटं काही नाही. ही कसरत जन्मजात येत नाही. 'त्याला बोलता येतं, हिला येत नाही' असं म्हणून आपण हा विषय स्वभावावर सोडून देतो. खरं तर ओळंबा धरायला शिकावं तसं हे शिकता येतं आणि शिकवता येतं.

अर्धं सांगण्याची किंमत

उस्मानाबादच्या चाचणीवर पुढे टीकाही झाली, आणि ती सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. तपासणीनं हा कर्करोग रोखता येतो हे पाश्चात्त्य देशांत आधीच ठाऊक होतं, मग चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना का ठेवलं, आणि त्यांना याची पुरेशी कल्पना दिली होती का, असे प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारले. संशोधकांचं म्हणणं असं की त्या काळी देशात या तपासणीची सर्वत्र अशी कुठलीच सोय नव्हती, आणि भारताच्या खेड्यांत कोणती पद्धत चालेल हे ठरवायला तुलना आवश्यक होती. वाद तज्ज्ञांचा आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं मनाशी धरावा असा आहे. संमतीपत्रावर अंगठा उठला म्हणजे समजलं असं होत नाही. समजावणं हा संशोधनाच्या नीतीचाच भाग आहे.

शेजारच्या बीड जिल्ह्यानं तर याची फार कडू बाजू पाहिली. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली असल्याचं पुढे आलं. 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती आपल्याला घातली गेली, असं अनेक बायकांनी सांगितलं.

'कॅन्सर' ही एकच गोष्ट दोन ठिकाणी बायकांच्या कानी गेली. बार्शी-परंडा-भूमच्या गावांत ती लक्षणं, तपासणी आणि उपाय यांच्यासकट सांगितली गेली, तेव्हा बायका लवकर आल्या आणि वाचल्या. बीडमध्ये ती सुटी, भीती म्हणून सांगितली गेली, तेव्हा धडधाकट अवयव गमावून बसल्या. माहिती अर्धी दिली की तिचं हत्यार होतं, हे या दोन शेजारी मुलखांइतकं स्पष्ट कुठे दिसणार?

यंत्राचीही हीच गोष्ट

हे वैद्यकापुरतं आहे, आम्ही तर इंजिनिअर होणार, असं म्हणणाऱ्यांनी १ फेब्रुवारी २००३ आठवावा. कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्या कोलंबिया यानात होते, ते परतताना वातावरणात फुटलं. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला होता, आणि यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याचा अभ्यास करून अहवाल दिला होता. अपघाताच्या चौकशी मंडळानं त्या अहवालातली एक पॉवरपॉइंटची पाटी आपल्या निष्कर्षांत उचलून दाखवली. तिचा मथळा धीर देणारा होता. आदळलेला तुकडा आधीच्या चाचण्यांतल्या तुकड्यापेक्षा शेकडो पटींनी मोठा होता, ही जिवावरची बाब मात्र अगदी तळाशी, बारीक अक्षरात होती. वरिष्ठ अधिकाऱ्याला ही पाटी वाचून धोक्याची कल्पना आली नसेल तर नवल नाही, असं मंडळाचं म्हणणं होतं. अभियंत्यांना धोका दिसला होता, तो वरच्यांना दिसेल असा मांडला गेला नाही. अपघाताच्या अनेक कारणांपैकी हे एक कारण, पण सात जिवांच्या प्रश्नात तेही थोडं नव्हे.

उलट उदाहरण हवं तर बार्शीकरांच्या घरचंच आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला होता. अडीच फूट रुंदीच्या अरुंद रुळांवर हलकी पण भक्कम रेल्वे चालवता येते आणि ती कमी खर्चात मुख्य मार्गाला माल व माणसं आणून देऊ शकते, असं त्याचं मत होतं. बड्यांचा त्यावर विश्वास नव्हता. कॅलथ्रॉपनं पुस्तिका लिहून आपली रचना मांडली. प्रत्येक डबा आणि इंजिन असं आखायचं की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही, हे साधं सूत्र त्यानं सगळ्या मांडणीच्या मध्याशी ठेवलं. मग इंग्लंडात लीड्सजवळच्या न्यूले इथे चाचणीचा रूळ टाकला, बार्शीसाठी बनवलेले डबे त्यावर चालवले आणि जाणकारांना ते दाखवले. ज्याला वाचून पटत नाही त्याला प्रत्यक्ष बघू द्यायचं, ही त्याची रीत. १८९७ मध्ये कुर्डुवाडीच्या बार्शी रोड स्थानकापासून बार्शीपर्यंत २१ मैलांची लाइन सुरू झाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली, एकूण २०२ मैल. पंढरीच्या वारकऱ्यांना आणि बार्शीच्या व्यापाराला तिनं अनेक दशकं वाहून नेलं. कॅलथ्रॉपची रचना चांगली होतीच, पण ती लोकांपुढे चांगली मांडलीही गेली, म्हणून ती नकाशावरून रुळावर आली.

शिकायचं कुठे आणि काय

जगात या विषयाला विद्यापीठाची बैठक मिळून फार वर्षं झाली नाहीत. १९८५ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटीनं एक अहवाल काढून शास्त्रज्ञांना बजावलं की लोकांशी बोलणं हे तुमच्या कर्तव्यातच येतं. लंडनच्या इंपिरिअल कॉलेजात १९९१ पासून विज्ञानसंवादाची एम. एस्सी. सुरू झाली. आपल्याकडे केंद्र सरकारनं १९८२ मध्येच राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषद स्थापली. कोलकात्याच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेनं बिट्स पिलानीच्या साथीनं विज्ञानसंवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवला. पुणे विद्यापीठात संवादशास्त्राला एम. एस्सी.ची पदवी आहे, आणि २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठातही जनसंज्ञापनाचा विभाग आहे. पीएच.डी. करणाऱ्यांनी आपलं संशोधन सोप्या भाषेत लिहावं म्हणून केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २०१८ मध्ये 'अवसर' ही बक्षीस योजना सुरू केली. अभियांत्रिकी महाविद्यालयांना मानांकन देणारी यंत्रणाही पदवीधराकडून ज्या गुणांची अपेक्षा करते, त्यांत संवादाचं नाव स्वतंत्रपणे घेते, आणि तो संवाद व्यावसायिकांशी तसाच समाजाशीही हवा असं म्हणते.

मराठीला तर याची मोठी परंपरा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढून मराठी वाचकाला नव्या शास्त्रांची ओळख करून दिली. 'सृष्टिज्ञान' १९२८ मध्ये सुरू झालं. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावानं एक कथा आली आणि पहिली ठरली. तिचे लेखक जयंत नारळीकर. खगोलशास्त्रात जगन्मान्य झालेला हा माणूस स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगायचा, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेल. मे २०२५ मध्ये ते गेले. ही परंपरा काही ध्येयवेड्या माणसांनी आपल्या हौसेनं आणि पदरमोडीनं चालवली. महाविद्यालयांच्या वेळापत्रकात तिला तासाची जागा क्वचितच मिळाली. जिथे 'कम्युनिकेशन स्किल्स'चा पेपर आहे, तिथेही तो बऱ्याचदा इंग्रजी व्याकरण, अर्जाचा नमुना आणि मुलाखतीला टाय कसा बांधावा यावर संपतो.

मग शिकायचं काय? ऐकणारा कोण आहे आणि त्याला आधी काय ठाऊक आहे हे शोधून काढणं, हा पहिला पाठ. आकडे प्रामाणिकपणे मांडणं, 'निम्मे' आणि 'हजारात एक' यांतला फरक जपणं, हा दुसरा. शोधनिबंधात आधी पद्धत आणि शेवटी निष्कर्ष असतो, अधिकाऱ्यासाठीच्या टिपणात निष्कर्ष पहिल्याच ओळीत हवा, ही रचनेची जाण तिसरी. आलेख, आकृती, नकाशा यांनी खोटं न बोलता दाखवणं हे चौथं. 'मला माहीत नाही', 'अजून खात्री नाही' हे न लाजता, पण नेमकेपणानं सांगणं हे पाचवं. शेवटचं म्हणजे संमती. समोरच्याला नाही म्हणता येईल इतकं स्पष्ट सांगणं.

यातून पोटापाण्याचं काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. पुण्या-मुंबईतल्या औषध कंपन्यांना आणि औषधचाचण्या करणाऱ्या संस्थांना वैद्यकीय लेखक लागतात. सॉफ्टवेअर कंपन्यांत तांत्रिक लेखक हे पगारी पद आहे. कृषी पदवीधरांना कृषी विज्ञान केंद्रं आहेत, विस्तार सेवा आहे, आणि २००५ पासून 'ॲग्रोवन'सारखं शेतीला वाहिलेलं दैनिक मराठीत निघतं. विज्ञान केंद्रं, पेटंटची कामं, रुग्णालयांतले समुपदेशक, रोगनोंदणीचे कर्मचारी, हवामानाचा सल्ला शेतकऱ्याला कळेल असा लिहिणारे, सगळीकडे एकच माणूस कमी पडतो, ज्याला विषय कळतो आणि सांगताही येतो. जो यांतलं काही न करता प्रयोगशाळेतच राहील, त्यालाही संशोधनासाठी पैसा मागताना आणि निबंध लिहिताना याच विद्येची गरज पडेल.

इथे बार्शीच्या मुलांची एक ताकद मला दिसते. दहावीपर्यंत मराठीत शिकायचं, अकरावीला शास्त्र शाखेत गेल्यावर एकदम इंग्रजीत, यात अनेकांची दमछाक होते. वर्गात प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही, आणि मुलगा हुशार असून मागे पडतो. पण तोच मुलगा घरी गेल्यावर आईला ज्वारीवरच्या रोगाबद्दल, आजोबांना मधुमेहाच्या गोळीबद्दल त्यांच्या बोलीत सांगू शकतो. दोन्ही काठांवर वावर असलेला असा माणूस महानगरातल्या इंग्रजी शाळेतून सहजी तयार होत नाही. जिला आपण त्याची उणीव समजतो, तिला शिस्तीचं शिक्षण मिळालं तर तीच त्याचं भांडवल होईल. इंग्रजी त्याला यायलाच हवं, चांगलं यायला हवं. पण मराठीत समजावून सांगण्याला गुण नाहीत म्हणून तो ते विसरून जातो, हे आपलं नुकसान आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. बार्शीत मामासाहेब जगदाळे यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाची महाविद्यालयं आहेत, अभियांत्रिकीचं शिक्षण आहे आणि चाळीसेक वर्षांचा अनुभव गाठीशी असलेलं कर्करोग रुग्णालय आहे. या सगळ्यांनी मिळून एक पेपर सुरू करावा. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं शेवटच्या वर्षाचा प्रकल्प एखाद्या गावात, ग्रामपंचायतीच्या बैठकीत किंवा बचत गटासमोर, मराठीत समजावून सांगावा. ऐकणाऱ्यांच्या तोंडून काय परत आलं ते लिहून आणावं, आणि त्याला लेखी परीक्षेइतकेच गुण असावेत. रुग्णालयातल्या अनुभवी कार्यकर्त्यांना शिक्षक म्हणून बोलवावं. गावोगाव बसून हे काम केलेल्या माणसांना जे येतं, ते अजून कुठल्या पाठ्यपुस्तकात आलेलं नाही.

देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीनं करून दाखवली. विज्ञान समजावून सांगायला शिकवणारं पहिलं तालुक्याचं गाव होण्याइतकी शिदोरीही बार्शीकडे आज आहे. पुढच्या जूनमध्ये कॉलेजं उघडतील, तेव्हा वेळापत्रकात त्यासाठी आठवड्याचे दोन तास ठेवा, एवढीच प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना विनंती.